उमरीची नसलेली पेशंट

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार डॉ. महालिंग बिराजदार सरांचे आहेत. आई-वडिलांना मी या हिशेबात धरत नाही, कारण त्यांना ते उपकार वाटतच नाहीत.

आणि याच सरांना मी फसवलं आहे.

हे मी या आठवड्यापर्यंत कुणालाही सांगितलेलं नव्हतं. बायकोला अर्धं माहीत आहे — आणि तिला माहीत असलेला तो अर्धा भाग गमतीचा आहे. उरलेला अर्धा तिलाही नाही. आता तुम्हाला सांगतो आहे. तुम्हालाच का? तुम्ही मला मध्येच थांबवून "अरे जाऊ दे, एवढं काय त्यात" असं म्हणू शकत नाही, म्हणून असेल.

पण आधी सरांविषयी सांगू द्या. त्याशिवाय मी काय केलं ते कळणार नाही.

माझे वडील उदगीरच्या मोंढ्यात मापाडी होते. धान्याची पोती काट्यावर चढवायची आणि वजन ओरडून सांगायचं, हे त्यांचं काम. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निघालो आणि आमच्या सगळ्या भावकीतला पहिलाच म्हणून डॉक्टर व्हायला नांदेडला गेलो. तिथे पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं, की शरीर मराठीत असतं पण पुस्तक इंग्रजीत असतं. वर्गात काहीही विचारलं की मी "येस सर" म्हणायचो. एकदा बिराजदार सरांनी विचारलं, यकृत शरीरात कुठल्या बाजूला असतं? मी म्हणालो, "येस सर."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. तास संपल्यावर जवळ बोलावून म्हणाले, "दत्ता, रविवारी सकाळी घरी ये. आधी मराठीत समजून घे. रोग काय इंग्रजी बोलत न्हाई."

सर स्वतः निलंग्याकडचे. बोलण्यातली माती त्यांनी कधी पुसली नाही. पुढची किती तरी वर्षं रविवारी सकाळी मी त्यांच्या ओसरीवर बसत होतो. काकू धपाटे आणून ठेवायच्या, आणि सर मला हृदयाच्या झडपा विहिरीच्या मोटेवरून समजावून सांगायचे. मी पास झालो तो त्या ओसरीवर. परीक्षा नुसती नंतर झाली.

पुढे निलंग्यात दवाखाना टाकला. वडील निवृत्त होऊन तिथेच येऊन बसायला लागले, आणि आलेल्या प्रत्येकाला स्वतः वजनकाट्यावर उभं करू लागले. त्यांचं म्हणणं, काटा आहे म्हणजे मापाडी पाहिजेच. पेशंटचं वजन ते अजूनही मोंढ्यातल्यासारखं मोठ्यानं ओरडतात. काही बायांनी त्यामुळे येणं बंद केलं. बाकी सगळे खूश आहेत.

बघा — मी मुद्द्यापासून लांब चाललो आहे.

तर नियम असा आहे. आम्हा डॉक्टरांना राज्याच्या वैद्यक परिषदेकडे आपली नोंदणी दर काही वर्षांनी नवी करून घ्यावी लागते, आणि त्यासाठी तेवढ्या काळात ठरावीक क्रेडिट जमवावे लागतात. क्रेडिट मिळतात सीएमईला बसून. म्हणजे रविवारी एखाद्या हॉलमध्ये जमायचं, नवं काय आलं त्यावरची व्याख्यानं ऐकायची. आत जाताना कार्ड दाखवायचं, जेवणानंतर पुन्हा एकदा दाखवायचं. डॉक्टर खरंच बसतात की नाही हे बघायला परिषदेचा एक निरीक्षक असतो. नियम चांगला आहे. वैद्यकशास्त्र बदलतं आणि कॉलेजातलं शिक्षण जुनं होतं, एवढं साधं त्यामागचं कारण आहे. पण तालुक्याचे डॉक्टर या रविवारांबद्दल कसं बोलतात, माहीत आहे? "ज्ञान ऐच्छिक, जेवण अनिवार्य."

आमच्या भागात बिराजदार सर कित्येक वर्षं निरीक्षक होते. ते दाराला लावूनच खुर्ची टाकून बसत. बाहेर पडायचं तर त्यांच्या गुडघ्यांना वळसा घालून जावं लागायचं, आणि ते नुसते जाणाऱ्याच्या चपलांकडे बघायचे. भले भले परत जागेवर जाऊन बसायचे.

काही वर्षांपूर्वी लातूरला एक सीएमई झाली. त्यात सर स्वतःच बोलणार होते, म्हणून निरीक्षक दुसरे होते. ते भले गृहस्थ. त्यांना ऐकायची आवड, म्हणून ते आत पहिल्या रांगेत जाऊन बसले. दार मोकळं होतं.

सरांचा विषय होता, दम्याच्या रुग्णाशी कसं बोलावं. आणि मी — खरं सांगतो, मला काय वाटलं? मला वाटलं, पेशंटशी बोलायचं मला काय शिकायचं? मी तर त्यांच्यातलाच. हे शहरातल्या डॉक्टरांसाठी असेल. बायको लातूरला बरोबर आली होती. आम्ही दोघांनी लग्नानंतर टॉकीजमध्ये एकही सिनेमा पाहिला नव्हता. मी कार्ड दाखवलं, एका दारानं आत गेलो आणि दुसऱ्यानं बाहेर आलो.

सिनेमाही मी पाहिला नाही. सुरुवातीच्या नावांच्या पाट्या संपायच्या आत झोपलो. मध्यंतरात बायकोनं उठवलं तेव्हा तिची पॉपकॉर्नची पिशवी माझ्या मांडीवर होती आणि शेजारचा माणूस माझ्या घोरण्यावरून तिच्याशी भांडत होता. ही गोष्ट ती पाहुण्यांना अजून सांगते. तिला माहीत असलेला अर्धा भाग तो हा.

जेवायच्या वेळेला मी हॉलवर परत गेलो. रांगेत माझा मित्र अल्ताफ उभा होता. डॉ. अल्ताफ — नांदेडला माझा रूममेट, आता उमरीला दवाखाना चालवतो. म्हणाला, "कुठं बसला होतास रे? दिसला न्हाईस."

"मागं," मी म्हणालो.

एवढासा शब्द. आणि तेवढ्यात सर ताट घेऊन आमच्याकडेच आले. "काय दत्ता, कसं वाटलं?"

मी म्हणालो, "सर, डोळे उघडले."

ते अर्ध्या तासापूर्वीच उघडले होते, हे खरंच आहे. पण सरांचा चेहरा असा फुलला! त्यांनी आपल्या ताटातला गुलाबजाम उचलून माझ्या ताटात ठेवला. तो मी खाल्ला. दुपारी पुन्हा कार्ड दाखवलं. क्रेडिट माझ्या नावावर जमा झाले, आणि त्यावर माझी नोंदणी नवी झाली.

इथवर तुम्ही हसत असाल. मीही हसत होतो.

सर त्या दिवशी काय बोलले ते मला पुष्कळ नंतर कळलं. सगळं व्याख्यान त्यांनी म्हणे एका शब्दावर दिलं होतं. "घ्या." आपण मराठीत गोळी घ्या म्हणतो, इंजेक्शन घ्या म्हणतो, वाफ घ्या म्हणतो, काळजी घ्या म्हणतो, आणि विश्रांतीसुद्धा घ्या म्हणतो. डॉक्टरच्या डोक्यात प्रत्येक "घ्या" वेगळा असतो. पेशंटच्या हातात मात्र एक कॅप्सूल असते, आणि कॅप्सूल घ्यायची म्हणजे काय, हे त्याला जन्मापासून माहीत असतं. दम्याचं एक औषध कॅप्सूलमध्ये पूड भरून येतं. ती कॅप्सूल प्लास्टिकच्या छोट्या यंत्रात घालायची, यंत्र फिरवून फोडायची आणि पूड तोंडानं जोरात आत ओढायची. गिळायची नाही. सरांचं म्हणणं एवढंच होतं, की हे तोंडानं सांगू नका. समोर बसवून करून घ्या, आणि पुढच्या वेळी आल्यावर पुन्हा करून दाखवायला लावा.

मी तोंडानं सांगत होतो. "सकाळ-संध्याकाळ एकेक घ्या, मावशी."

मावशी म्हणजे सुंदराबाई. निलंग्यातच माझ्या दवाखान्यामागच्या गल्लीत राहतात. दम्यानं बेजार. मी औषध दिलं, उतार पडेना. मी मात्रा वाढवली, तरी पडेना. पायऱ्या चढताना त्यांना मध्ये बसावं लागायचं, आणि माझे वडील वजन न ओरडता हळूच सांगायचे, इतकी त्यांची दया यायची. असे कितीतरी महिने गेले. मला काय वाटत होतं? हवा खराब आहे. चुलीचा धूर आहे. वय आहे. मला सगळं सुचलं.

एक दिवस माझ्यासमोर बसल्या बसल्या त्यांनी कमरेची चंची सोडली, त्यातून ते प्लास्टिकचं यंत्र काढलं, उघडलं, आणि आतून दोन कॅप्सूल तळहातावर घेतल्या.

"डबी लई गोड दिली तुमी, डॉक्टरसाब," त्या म्हणाल्या. "दोन गोळ्या बरोब्बर बसतेत. शेतात न्यायला बरी पडती." आणि माझ्याच टेबलावरच्या तांब्यातलं पाणी पिऊन एक गोळी गिळली.

मला हसू येत होतं आणि घाम फुटत होता, दोन्ही एकदम. बाहेर बाकावर चार-पाच माणसं बसली होती, दार उघडं होतं, आणि सुंदराबाईंची सून दारातच उभी होती. मी काय म्हणालो असेन?

मी म्हणालो, "मावशी! किती वेळा सांगितलं तुम्हाला? नीट ऐकत नाही तुम्ही."

मी एकदाही सांगितलं नव्हतं.

सून फिदीफिदी हसली. बाकावरची माणसं हसली. सुंदराबाई डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाल्या, "चुकलं बघा माजं. ध्यानातच ऱ्हात न्हाई." माझी माफी मागितली त्यांनी. माझी! मग मी त्यांना ते यंत्र वापरायला शिकवलं. पुढच्या काही आठवड्यांत त्या इतक्या सुधारल्या, की गल्लीतून भांडणाचा आवाज पुन्हा दवाखान्यात येऊ लागला. पण त्या दिवसानंतर त्या एकट्या कधी आल्या नाहीत. सुनेला बरोबर आणायच्या आणि माझं बोलणं सुरू झालं की म्हणायच्या, "हिला सांगा, मला कळत न्हाई."

ते ऐकून मी सुनेला सांगत असे.

आता पुढचं. हे लिहावं लागणार म्हणूनच मी मघापासून इकडं तिकडं फिरतो आहे.

त्याच सुमारास सरांचा फोन आला. ते निवृत्तीनंतर लातूरलाच राहतात. बोलता बोलता मी ती डबीची गोष्ट त्यांना सांगितली — का सांगितली? गोष्ट चांगली होती म्हणून, आणि सरांना हसवायला मला फार आवडतं म्हणून. पण सांगताना ती पेशंट माझी राहिली नाही. मी म्हणालो, दुसऱ्या एका डॉक्टरची पेशंट होती, लेकीकडे निलंग्याला आलेली. मला तुमचं व्याख्यान आठवलं सर, म्हणून मी तिला यंत्र काढून दाखवायला लावलं, आणि चोरी पकडली.

सर फोनवर खोकला येईपर्यंत हसले. मग म्हणाले, "कुठल्या डॉक्टरची रे?"

मला लांबचं एखादं गाव हवं होतं. तोंडात आलं, "उमरीकडची होती."

"उमरी? म्हंजी आपला अल्ताफ?"

मी काही बोललो नाही.

इथे मला थोडं थांबू द्या. मी "हो" म्हणालो नाही. कितीतरी दिवस मी स्वतःला हेच सांगत होतो — की मी "हो" कुठे म्हणालो? पण "नाही" म्हणायला किती वेळ लागतो? "नाही सर, माझीच." तीन शब्द. फोन चालू होता, सर वाट बघत होते, आणि मी गप्प राहिलो. मग सरच म्हणाले, "असू दे, असू दे. होतं कुणाचंबी. पण तू ऐकलंस, दत्ता. तू ऐकलंस."

सरांनी ती गोष्ट आपल्या व्याख्यानात घातली. नाव घेत नसत ते, फार सभ्य माणूस. "उमरीचे एक डॉक्टर आणि निलंग्याचा माझा एक विद्यार्थी," एवढंच म्हणत. पण उमरीत डॉक्टर आहेत किती? पुढच्या सीएमईला अल्ताफ जेवणाच्या रांगेत आला आणि कुणीतरी मागून ओरडलं, "डॉक्टर, जिलेबी ओढणार का गिळणार?" सगळी रांग हसली. अल्ताफही हसला. तो कशालाही हसतो. मीही हसलो — त्याच्या शेजारी उभा राहून.

आणि त्यानं काय केलं, ठाऊक आहे? गावी जाऊन आपल्या दम्याच्या एकेका पेशंटला बोलावलं. प्रत्येकाकडून यंत्र वापरून घेतलं. म्हातारे येऊ शकत नव्हते त्यांच्या घरी गेला. त्याला खरंच काही चुकणारे सापडले, कुणी उलटं धरत होतं, कुणी ओढायच्या ऐवजी फुंकत होतं. पण गिळणारी बाई काही सापडली नाही. त्यानं मला फोन केला.

"दत्त्या, ती बाई कोण होती रे? नाव तर सांग. मी शोधून राहिलो तिला. मिळंना यार."

"आठवत नाही रे," मी म्हणालो.

"आठव ना. माफी मागतो तिची. माझ्यामुळं बिचारी दमून राहिली असेल."

यातून उमरीच्या लोकांचं भलंच झालं, असं म्हणायचा मला मोह होतो. म्हणत नाही. भलं अल्ताफनं केलं. मी त्याला एका नसलेल्या बाईच्या मागं लावलं, आणि त्यानंतरही तो भेटला की दोन-तीनदा विचारायचाच, आठवलं का? दर वेळी मी कपाळाला आठ्या घालून आठवल्यासारखं करायचो.

असं हे वर्षानुवर्षं चाललं असतं. मी आनंदात होतो. खोटं सांगू नये — हा गुन्हा मनात घेऊन मी काही झुरत नव्हतो. जेवत होतो, झोपत होतो, सरांच्या तोंडून माझं कौतुक ऐकत होतो. कौतुक खोटं असलं तरी कानाला गोडच लागतं.

मग गेल्या महिन्यात सरांनी मला घरी बोलावलं. काकूंनी धपाटे केले होते. सर म्हणाले, आता माझ्यानं दिवसभर खुर्चीवर बसवत नाही. निरीक्षकाच्या जागेसाठी नाव सुचवा म्हणून परिषदेनं मला विचारलंय. "दोन नावं होती मनात. तू आन् अल्ताफ. पोरगा गुणी हाय, कष्टाळू हाय, तुझ्याआधी त्याचंच नाव देणार होतो." मग धपाट्याचा तुकडा मोडत म्हणाले, "पण ते गिळायचं प्रकरण झालं ना. निरीक्षक म्हंजी लोक बोट दाखवतेत. तुझंच देतो."

काकू म्हणाल्या, "अजून एक घे की."

मी घेतला. मान खाली घालून खाल्ला. डॉक्टर व्याख्यानाला खरंच बसतात की नाही, हे बघायला दाराशी बसवायचं कुणाला — तर मला. आणि बसवायचं नाही कुणाला — तर जो पहिल्यापासून शेवटपर्यंत बसला होता त्याला. काकूंच्या पाया पडलो, सरांच्या पाया पडलो आणि एसटीत बसलो. औसा मागं पडलं तरी तोंडातली चव गेली नव्हती.

त्यानंतर मी सरांना पत्र लिहिलं. फोन का केला नाही? फोनवर मी काय करतो ते तुम्ही आता पाहिलं आहे. पत्र असं आहे :

आदरणीय सर,

सा. न. वि. वि.

लातूरला तुम्ही दम्याच्या रुग्णाशी बोलण्याविषयी व्याख्यान दिलंत, तेव्हा मी हॉलमध्ये नव्हतो. सकाळी कार्ड दाखवून मी सिनेमाला गेलो आणि जेवायला परत आलो. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो.

कॅप्सूल गिळणारी पेशंट उमरीची नव्हती. अल्ताफचा तिच्याशी काहीही संबंध नाही. ती निलंग्याची, माझी पेशंट. नाव सुंदराबाई. औषध मी दिलं होतं, आणि ते कसं ओढायचं हे मी त्यांना एकदाही दाखवलं नव्हतं. माझ्या या चुकीमुळे त्या कित्येक महिने दम्यानं हैराण झाल्या. तुम्ही अल्ताफचं नाव घेतलंत तेव्हा मी गप्प राहिलो, ते मला सोयीचं होतं म्हणून. नंतर लोक त्याला हसले तेव्हा मी तिथेच उभा होतो.

या पत्राची एक प्रत आजच अल्ताफला पाठवली आहे. त्या दिवशीचे क्रेडिट माझे नव्हेत, असं परिषदेलाही कळवलं आहे. त्यामुळे नोंदणीचं जे व्हायचं ते होईल. निरीक्षकाची जागा मी घेणार नाही.

परवा सुंदराबाईंच्या घरी गेलो होतो. सून, मुलगा, शेजारीण असे सगळे बसले होते. त्या दिवशी दवाखान्यात मी सगळ्यांसमोर बोललो होतो, म्हणून हेही सगळ्यांसमोर सांगितलं, की मावशी, मी तुम्हाला कधी सांगितलंच नव्हतं. तुम्ही ऐकलं नाही हे खोटं होतं. त्यांना आधी काही उमगलं नाही, म्हणून पुन्हा सांगितलं. मग त्या सुनेकडे वळून म्हणाल्या, "ऐकलंस? म्हंजी मी येडी न्हवते."

आणि खूप वेळ हसत राहिल्या.

आपला,
दत्ता